नवीन ऑइल सील टाकलं तरी तेल गळतंय, कुठलं सील घ्यावं?

सील बदलायच्या आधी शाफ्ट, म्हणजे सीलमधून जाणारा फिरता दांडा बघा, कारण बऱ्याचदा दोष तिथेच असतो. सीलची लिप, म्हणजे आतली रबरी कड, शाफ्टवर जिथे घासते तिथे नख फिरवा, नख अडकलं म्हणजे खाच पडलीय आणि मग कितीही भारी सील टाका, गळणारच. अशा वेळी शाफ्टवर रिपेअर स्लीव्ह (खाच झाकणारी पातळ धातूची नळी) बसवा किंवा सील थोडं आतबाहेर सरकवून लिप कोऱ्या जागेवर आणा.

साइज जुन्या सीलवरच लिहिलेली असते, ३५×५२×७ म्हणजे शाफ्ट ३५ मिमी, हाउसिंगचं बोअर (सील ज्या भोकात बसतं ते) ५२ आणि सीलची जाडी ७. मटेरियलमध्ये साधं नायट्राइल रबर साधारण १०० डिग्रीपर्यंत चालतं, म्हणून गिअरबॉक्स, पंप वगैरेंना पुरतं, पण इंजिनच्या क्रँकशाफ्टसारख्या गरम जागी व्हिटॉन हे उष्णता सोसणारं रबरच घ्या, ते २०० च्या आसपास टिकतं, तिथे पैसे वाचवू नका प्लीज. धूळ-चिखल असेल तर डबल लिपवालं.

बसवताना लिपभोवतीची बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, लिपला आधी तेल लावायचं, आणि शाफ्टला चावीची खाच (पुली किंवा गिअर अडकवणाऱ्या की साठीची, कीवे) असेल तर तिच्यावर टेप गुंडाळा, नाहीतर तिच्या धारेने लिप कापली जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.