विहिरीचं पाणी ३५ फूट खाली गेलंय, काठावरची ५ एचपीची मोटर पाणी उचलत नाही. साडेसात एचपी घेतली तर येईल का?

नाही येणार. साडेसात राहू द्या, पन्नास एचपीची आणून काठावर बसवलीत तरी नाही येणार. दुकानदाराला ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की विहीर तुमच्या वडिलांच्या वेळची, मोटर काठावरच्या शेडमध्ये, पंप भरून चालू केला की नुसता खडखडतो आणि दुकानदार म्हणतो, 'मोटर कमी पडतीय.' सक्शन पाइप अडीच इंची ठेवू की तीन इंची करू, आणि वीजबिल किती वाढेल, असंही विचारलंय. बिलाचं मी सांगणार नाही, कारण ती मोटर तुम्ही घ्यायचीच नाहीये. बाकीचं सांगते. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची, हायस्कूलला विज्ञान शिकवते, आणि नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

आधी मुद्दा. काठावरचा पंप खालच्या पाण्याला हात लावत नाही. आतला पंखा फिरून पंपातलं पाणी बाहेर फेकतो, तिथला दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतो, तो पाण्याला पाइपातून वर ढकलतो. म्हणजे सक्शन पाइपात पाणी चढवण्याचं काम हवा करते, मोटर नाही. आणि हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रकाठी ती पाण्याचा १०.३ मीटर उंच स्तंभ तोलते. सांगली शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, तिथे ९.७ मीटर. आमचं खानापूरचं पठार त्याहून उंच, तिथे साडेनऊ मीटर, म्हणजे ३१ फूट. महाबळेश्वरला तर २९ फुटांच्याही आत. पंपाच्या आत पूर्ण निर्वात पोकळी केलीत तरी याच्यावर पाणी येत नाही, कारण शून्याच्या खाली दाब नेता येत नाही. तुमचं पाणी ३५ फुटांवर आहे. विषय तिथेच संपतो.

हे ३१ फूटही कागदावरचे. पाइपातलं घर्षण, फूटव्हॉल्वची, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेची, अडवणूक, उन्हाळ्यात कोमट झालेल्या पाण्याची वाफ, आणि पंपाच्या तोंडाशी थोडा दाब शिल्लक लागतो तो, हे सगळं वजा केलं की हातात २० ते २२ फूट उरतात. मोठा पंप जास्त पाणी मागतो, म्हणून त्याच पाइपात घर्षण वाढतं आणि तोंडाशी दाबही जास्त लागतो. म्हणजे साडेसात एचपीने ही मर्यादा वाढत नाही, उलट घटते. तुम्हाला ऐकू येणारा खडखडाट त्यातलाच असावा. दाब फार कमी झाला की पाणी गार असतानाच उकळतं, त्याचे बुडबुडे पंख्यावर फुटतात आणि पंख्याचा धातू खातात. असा पंप रेटून चालवू नका.

आता आमच्या घरचं सांगते. २०१२-१३ चा दुष्काळ. खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडे टँकर. आमची द्राक्षबाग, एप्रिलची खरड छाटणी झालेली, पुढच्या वर्षीची काडी तयार व्हायचे दिवस, आणि विहिरीचं पाणी रोज खाली चाललेलं. आमचे हे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात, कोइमतूरला. घरी सासरे आण्णा, थोरले दीर दादा, जाऊबाई आणि मी. विहिरीच्या भिंतीवर मी शाळेतल्या पोरांकडून पाच-पाच फुटांवर तेलरंगाच्या खुणा मारून घेतल्या होत्या, भूजलाचा प्रकल्प म्हणून. त्यामुळे पाणी कुठे आहे हे आमच्याकडे अंदाजाने बोललं जात नव्हतं. २० च्या खुणेपर्यंत पंप नीट चालला, २५ ला धार बारीक झाली, ३० च्या आधीच बंद पडला. मी तेव्हाच आण्णांना म्हटलं, मोटर विहिरीत उतरवा, पाण्याच्या दहा-बारा फूट वर आणून ठेवा, हीच मोटर पाणी देईल.

दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत, थोरले दीर बोलत नसतात आमच्यात. आण्णांकडे बघून म्हणाले, "आण्णा, हिला म्हणावं, दोन बैलांनी पन्नास फुटांवरनं पाणी काढलंय ह्या हिरीतनं. ही तर साडेसात घोड्यांची मोटर हाय. पुस्तकातली मोटर आन् रानातली मोटर येगळी असती."

आणि साडेसातची आणली. उसनवारी करून.

मोटेचा, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या पोहऱ्याचा, हा दाखला आमच्या भागात प्रत्येक घरात दिला जातो, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. मोट पाण्यात बुडते, पाणी तिच्या पोटात येतं, आणि नाडा, म्हणजे जाड दोर, तिला वर घेतो. त्या पाण्याचं सगळं वजन चामड्यावर, चामड्याचं नाड्यावर, नाड्याचं कण्यावर आणि बैलांच्या खांद्यावर. पाण्याला खालून आधार आहे. म्हणून मोटेला खोलीची अट नाही. नाडा लांब करा, बैलांची धाव लांब करा, बैल दमतील पण पाणी थारोळ्यात पडेल. सक्शन पाइपातल्या पाण्याला खालून हवेखेरीज कुणाचाच आधार नाही. तिथे बैल, घोडे, एचपी काहीही वाढवा, ते सगळे पाइपाच्या वरच्या टोकाला आहेत, पाण्याच्या खाली नाहीत.

नवी मोटर बसवली. पंप भरला, भरला, पुन्हा भरला. सांध्यांना शेण लिंपून झालं, फूटव्हॉल्व बदलून झाला. पाणी नाही. दुकानदार म्हणाला मोटर चांगली आहे, विहीरच खराब आहे. दादा म्हणाले मोटरच फॉल्टी दिली. शेजारच्या रानातला १० एचपीचा पंप चालू होता, त्याचा दाखला झाला. मी जाऊन बघून आले. त्यांचा पंप विहिरीच्या कपारीत बसवलेला होता, पाण्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर. हे घरी सांगितलं तर कुणी ऐकेना.

मग मी गावच्या पाण्याच्या टाकीवर प्रयोग केला. गवंड्यांची पातळ लेव्हल ट्यूब घेऊ नका, आतला दाब कमी झाला की ती चपटी होते. जाड, जाळी असलेली पारदर्शक नळी घेतली, ४५ फूट. ती हौदात बुडवून रंगीत पाण्याने पूर्ण भरली, एक तोंड गच्च बंद केलं, उघडं तोंड बादलीतल्या पाण्यात ठेवलं आणि बंद तोंड दोराने टाकीच्या जिन्यावरून वर ओढायला लावलं. ३० फुटांच्या थोडं अलीकडेपर्यंत पाणी नळीबरोबर वर गेलं, मग थांबलं. नळी आणखी वर ओढली तरी पाणी तिथेच. वर मोकळी जागा आणि तिच्यात बारीक बुडबुडे, कारण पाण्यात विरघळलेली हवा सुटायला लागते. ती हवा आणि वाफ दोन्ही पाण्याला थोडं खाली दाबतात, म्हणून पूर्ण ३१ भरत नाहीत. पोरं ओरडत होती, "बाई, आजून वडू का?" मी म्हटलं, ओढा. दोर संपेपर्यंत ओढा. आण्णा खाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी टेपने स्वतः मोजायला लावलं. वर ओढणारी पोरं कितीही जोर करोत, पाणी हलत नाही, हे त्यांना तिथे पटलं. दादा आले नाहीत.

हे काही मी शोधलेलं नाही. पंप ठरावीक उंचीच्या वर पाणी चढवत नाही हे गॅलिलिओने १६३८ साली लिहून ठेवलंय, पण त्याला वाटलं की पाण्याचा स्तंभ आपल्याच वजनाने दोरासारखा तुटतो. खरं कारण त्याचा शिष्य टॉरिचेली याने ओळखलं. १६४४ च्या एका पत्रात त्याने लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. पाण्याऐवजी १३.६ पट जड पारा घेतला, म्हणून १०.३ मीटरचं काम ७६ सेंटिमीटरमध्ये झालं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलला सिद्ध करायचं होतं की डोंगरावर हवा कमी, तर पाराही कमी चढला पाहिजे. तो आजारी, पॅरिसमध्ये. त्याने दाजींना, थोरल्या बहिणीच्या यजमानांना, लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ ला ते पारा आणि काचेच्या नळ्या घेऊन पुई द डोम डोंगर चढले, पायथ्याशी दुसऱ्या नळीवर लक्ष ठेवायला एक पाद्री बसवला, आणि माथ्यावर पारा ८ सेंटिमीटरहून जास्त उतरलेला मोजून आले. मेहुण्याच्या शब्दाखातर डोंगर चढणाऱ्या त्या माणसाबद्दल मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी मला वाईट वाटतं, कारण आमच्या घरातल्या माणसाला टाकीपर्यंत यावंसं वाटलं नाही.

शेवटी आण्णांनी हुकूम केला. चेन पुली लावून, लोखंडी अँगलची फळी मारून मोटर खाली उतरवली आणि पाणी आलं. पण उतरवली ती नवी, साडेसातची. दादा गावभर म्हणाले, "मोठी मोटर आणली म्हणून बाग वाचली." मी म्हणत होते की जुनी ५ ची लावून बघा, एकदाच बघा. नाही लावली. पुढच्या उन्हाळ्यात कमी व्होल्टेजने साडेसातचं वाइंडिंग जळालं, तेव्हा नाइलाजाने जुनी ५ ची त्याच फळीवर बसवली. पाणी ३५ च्या खुणेच्या खाली होतं, मी स्वतः बघितलं. पहिल्या झटक्यात पाणी आलं आणि बागेच्या टाकीपर्यंत चढलं. दादांचं म्हणणं, 'त्या साली झरं चांगलं हुतं.' खूण तीच, फळी तीच, मोटर जुनी. झऱ्यांचा काय संबंध?

एचपी कुठे लागतो तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाईंना मोटरचं वावडं आहे. पंपातून पुढे, वरच्या दिशेला, सगळं काम मोटरचं. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर चढवायला निव्वळ २ किलोवॅटच्या आसपास लागतात, पंप-मोटरमधली घट धरून साधारण ५ एचपी. वरच्या बाजूला अशी ३१ फुटांची भिंत नाही. कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने आमच्या पठारावर येतं ते ढकलूनच येतं, आणि तिथेही प्रत्येक टप्प्याचा पंप पाण्याजवळच बसवतात. तुमचा पंप खाली उतरवला तरी पाण्यापासून टाकीपर्यंतचा एकूण चढ तेवढाच राहतो. म्हणून मोटर बदलायची गरज नाही. जी आहे तीच उतरवा.

पाइपाचं: सक्शन तीन इंची करा, आखूड आणि सरळ ठेवा, एल्बो कमीत कमी. पण रुंद पाइपाने उंचीची मर्यादा वाढते असं समजू नका. दाब उंचीवर ठरतो, रुंदीवर नाही. कोयना धरणाच्या भिंतीवर तळाशी पडणारा दाबही तिथल्या पाण्याच्या खोलीवर ठरतो, मागे शिवसागर जलाशय किती लांब पसरलाय त्यावर नाही.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पाणी खरंच ३५ फुटांवर आहे का, ते दोराला दगड बांधून मोजा. २० च्या आत निघालं तर दोष फूटव्हॉल्वमध्ये किंवा हवा धरणाऱ्या सांध्यात असेल. काठावर बसून खोलचं पाणी देणारा जेट पंप असतो, पण तो थोडं पाणी दाबाने खाली पाठवून खालचं पाणी ढकलून आणतो, त्यात बरीच वीज जाते. मोटर उतरवलीत तर अर्थिंग चांगलं करा आणि जूनच्या आधी वर घ्या, नाहीतर एका रात्रीत बुडेल. ते जमणार नसेल तर पाणबुडी मोटर घ्या. डिझेल इंजिन मात्र विहिरीत कधीही उतरवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसं मारतो, आणि दिवा सोडून बघितला तरी तो कळत नाही.

आणि आमच्या दादांच्या वाचनात हे आलं तर: या एप्रिलमध्ये पाणी ३५ ला गेलं की जळालेली साडेसातची रिवाइंड करून काठावर बसवू. रिवाइंडिंगचे आणि चेन पुलीचे पैसे मी देते. आण्णा पंच. पाणी आलं तर शाळेत फळ्यावर तसं लिहीन.