चित्रकला शिक्षकाच्या दिवसात चित्र काढणे किती असते?

कलाशिक्षण पूर्ण करून आपण लवकरच एका शाळेत रुजू होणार आहात आणि चित्रकला शिक्षकाला दिवसभर नेमके काय करावे लागते, त्यात स्वतः चित्र काढण्याचा वाटा किती असतो, असे आपण विचारले आहे. बरीच वर्षे हे काम केल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, या कामात चित्र काढण्यापेक्षा मुलांची चित्रे पाहणे अधिक असते, आणि बाकीची सारी तयारी त्या पाहण्यासाठी सवड मिळावी म्हणून करायची असते.

सवडीचा हिशेब साधा आहे. तासिका ४० मिनिटांची आणि वर्गात ४० मुले आहेत असे धरा. साहित्य वाटण्यात आणि विषय सांगण्यात १० मिनिटे जातात, आवराआवरीला ८ मिनिटे लागतात. उरलेल्या २२ मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला ३३ सेकंद येतात. पाण्यासाठी एकेक मूल नळाकडे जाऊ लागले, तर तेवढेही राहत नाहीत. म्हणून माझा दिवस पहिल्या तासाच्या अर्धा तास आधी सुरू होतो. कागद मापात कापून ठेवणे, रुंद बुडाची भांडी निम्मीच भरून दोन मुलांत एक अशी मांडणे, पुसायची फडकी ओली करून ठेवणे आणि ब्रश मोजणे ही कामे तेव्हाच उरकावी लागतात. ब्रश तासानंतर पुन्हा मोजावेत. धुतल्यावर बोटांनी टोक जुळवून ते आडवे वाळवावेत, कारण केस वर करून उभे ठेवले तर पाणी धातूच्या नळीत उतरून आतला डिंक सैल होतो, आणि पाण्याच्या भांड्यात तसेच राहिले तर टोक कायमचे वाकते.

मातीकामाच्या दिवशी तयारी दुप्पट असते. मळलेली माती ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी लागते. हात, कान, शेपटी असे भाग नुसते दाबून चिकटवले तर माती वाळताना आकसते आणि ते गळून पडतात, म्हणून दोन्ही पृष्ठभागांवर चरे पाडून मध्ये पातळ चिखल लावायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे. वस्तू भट्टीत भाजायच्या असतील तर जाड भाग आतून पोकळ करून पूर्ण वाळू द्यावेत, कारण आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन वस्तू फुटते. तास संपल्यावर वाळलेली माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिच्या बारीक धुळीतील सिलिका फुप्फुसांना अपायकारक असते आणि त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ आपणच असतो.

एवढे केल्यावर तासात आपले हात आणि डोळे मोकळे राहतात, आणि इथे खरे काम सुरू होते. पाच-सहा वर्षांचे मूल घराच्या भिंतीतून आतली माणसे दाखवते, आणि टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरते. ही चूक नव्हे. मूल दिसते ते न काढता त्याला ठाऊक असलेले काढते, हे फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ साली नीट मांडून ठेवले आहे. अशा वेळी यथादर्शनाचे, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवण्याचे, नियम सांगून टेबल दुरुस्त करायला लावणे म्हणजे मुलाच्या विचाराला मध्येच तोडणे होय. साधारण नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान मात्र उलट घडते. कालपर्यंत बिनधास्त रेघा ओढणारे मूल आपले चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागते आणि ‘मला चित्रकला येत नाही’ असे म्हणून कागद झाकून घेते. शिक्षकाची खरी गरज या वयात असते असे मी मानते, कारण येथे मागे हटलेली बहुतेक मुले पुढे स्वतःहून पेन्सिल हातात घेत नाहीत. त्यांना नुसते कौतुक नको असते, उपाय हवा असतो. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने उंची आणि रुंदी ताडणे, किंवा खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार तेवढे काढणे, अशा दोन युक्त्या दिल्या तरी पंधरा मिनिटांत कागदावर खुर्ची उभी राहते, आणि ते पाहिल्यावर मुलाने कागद झाकलेला हात आपोआप बाजूला होतो.

मुलाच्या चित्रावर आपली रेघ कधीही ओढू नये. दाखवायचेच असेल तर वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर दाखवावे आणि तो तुकडा आपण परत न्यावा, नाहीतर मूल त्याचीच नक्कल करत बसते. तसेच, ‘हे काय आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘याविषयी मला सांग’ असे म्हणावे. नुसते ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘निळ्यावर पांढरा खडू घासल्याने इथे धुके आले आहे’ असे पाहिलेले सांगितले, तर तेच मूल पुढच्या वेळी तो खडू जाणीवपूर्वक उचलते. तेहतीस सेकंदांत असे एक वाक्य नक्की बोलता येते.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. एक सात वर्षांचा मुलगा पाने तपकिरी आणि खोड हिरवे रंगवत असे. कित्येक आठवडे मी ते दुर्लक्ष समजून त्याला ‘नीट बघ’ असे सांगत राहिले. तो नीटच बघत होता. त्याला लाल आणि हिरव्या छटांतील फरक कळत नव्हता. रंगदृष्टीचा हा दोष बहुधा एक्स गुणसूत्रातून येतो आणि मुलांमध्ये एकच एक्स गुणसूत्र असल्यामुळे तो मुलींपेक्षा त्यांच्यात पुष्कळ जास्त आढळतो. तेव्हापासून माझ्या वर्गातील प्रत्येक बाटलीवर रंगाचे नाव ठळक लिहिलेले असते आणि बाटल्यांचा क्रम बदलत नाही. शंका आल्यास निदान आपण करू नये. पालकांना शांतपणे सांगून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

उरलेल्या कामांपैकी फलकलेखन, नाटकाचा पडदा आणि गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळणे हे आपल्याकडे येणारच. मुलांना करता येईल ते मुलांकडूनच करवून घ्यावे, कारण शिक्षकाने एकट्याने रंगवलेल्या पडद्यातून मुले काही शिकत नाहीत. मूल्यमापनासाठी प्रत्येक मुलाची वर्षभराची चित्रे एकत्र ठेवावीत आणि त्याचे आजचे चित्र त्याच्याच आधीच्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. नाव आणि तारीख कागदाच्या मागे रंगकाम सुरू होण्याआधीच लिहून घ्यावी, अन्यथा वाळत घातलेल्या ओल्या चित्रांच्या ढिगात कोणते कोणाचे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

राहिला आपल्या स्वतःच्या चित्रांचा प्रश्न. शाळेच्या वेळेत मोठे चित्र होणार नाही, हे आजच गृहीत धरा. मी रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटे स्केचबुक उघडते आणि ते वर्गातच, मुलांच्या देखत. चुकलेली रेघ मी खोडत नाही. तिच्या शेजारी दुसरी ओढते. पाहणारी मुले ‘बाई, ही आधीची चुकली का?’ असे विचारतात, आणि त्या रेघेवर आमचे बोलणे घंटा होईपर्यंत चालते.