निष्कर्ष झाकून वाचताना

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

एका शोधनिबंधावर तू लिहून पाठवलेले टिपण दोनदा वाचले. भाषा स्वच्छ आहे, मांडणी नेटकी आहे. तरीही तू तो शोधनिबंध वाचलास की केवळ त्याचा सारांश वाचलास, हे मला ठरवता आले नाही. तुझे प्रत्येक वाक्य एक तर सारांशातून आलेले आहे किंवा शेवटच्या चर्चेतून. मधल्या कार्यपद्धतीचा आणि तक्त्यांचा त्यात मागमूसही नाही. यात रागावण्यासारखे काही नाही. उमेदवारीच्या काळात मीही हेच करत असे, आणि एका निबंधाचा दाखला तर कित्येक वर्षे निव्वळ सारांशाच्या भरवशावर देत राहिलो. एके दिवशी एका विद्यार्थ्याने त्यातलाच तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि मी सांगतो तो फरक यात नेमका कुठे आहे, असे विचारले. लेखकांनी सारांशात जे ठामपणे म्हटले होते, त्याला तक्त्यातील आकडे जेमतेम आधार देत होते आणि मी तो तक्ता कधी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून लागलेली एक सवय तुला सांगतो. शीर्षक आणि प्रस्तावनेतील मूळ प्रश्न वाचून झाला की सारांश आणि चर्चा झाकून ठेवायची आणि कोऱ्या कागदावर लिहायचे: या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे असते तर मी काय मोजले असते, तुलना कोणाशी केली असती आणि कोणता आकडा दिसल्यावर माझी कल्पना चुकली असे मी मान्य केले असते? त्यानंतर कार्यपद्धती वाचायची, मग तक्ते आणि आलेख. त्यांवरून स्वतःचा निष्कर्ष दोन वाक्यांत लिहायचा आणि सर्वांत शेवटी लेखकांचा निष्कर्ष उघडायचा. दोन्ही जुळले नाहीत, तर उणीव एक तर तुझ्या समजुतीत आहे किंवा त्यांच्या युक्तिवादात. ती नेमकी कुठे आहे हे शोधताना जे होते त्यालाच मी वाचन म्हणतो. पहिल्या वेळी याला अख्खा दिवस लागेल. लागू दे.

कार्यपद्धती वाचताना सर्वांत आधी पाहावे ते हे की, ज्याविषयी बोलले जात आहे तेच मोजले गेले आहे का. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयात अवेळी ठोके पडतात, त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दडपतात, हेही दिसून आले होते. मग ही औषधे जीव वाचवणारच, ही समजूत इतकी स्वाभाविक वाटली की, तशी पडताळणी होण्याआधीच ती सर्रास दिली जाऊ लागली. ज्या चाचणीत अखेर ठोक्यांऐवजी मृत्यू मोजले गेले, तिचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला तपशील असा: ही औषधे मिळालेल्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर औषध नसलेली गोळी मिळालेल्या ७४३ रुग्णांपैकी २६. आधीचे निबंध खोटे नव्हते, हे मात्र ध्यानात घे. ठोक्यांविषयी ते जे सांगत होते ते खरेच होते. ठोके म्हणजेच जीव, ही उडी वाचणाऱ्यांनी मारली होती. म्हणून मोजलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट या दोन्हींची नावे कागदावर शेजारीशेजारी लिहून पाहत जा.

आकड्यांकडे आल्यावर टक्केवारीपाशी थांबू नकोस. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या संयुक्त संप्रेरकांवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, ही बातमी जगभर गेली. त्याच निबंधातील दर असे होते: वर्षाला १०,००० स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८. दोन्ही विधाने खरी आहेत. पण पहिले ऐकून मनात जे चित्र उभे राहते ते दुसरे ऐकून राहत नाही. शिवाय सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे पहिल्याच तक्त्यात दिसते, आणि पन्नाशीच्या आसपास हे उपचार सुरू करणाऱ्या स्त्रीला तो निकाल जसाच्या तसा लावावा का, हा प्रश्न तिथूनच निघतो. सहभागींचे वर्णन करणारा तक्ता बहुतेक वाचक ओलांडून जातात. मी मात्र सर्वाधिक वेळ तिथेच घालवतो.

पी-मूल्याविषयी तुझ्या टिपणात जे लिहिले आहेस ते चुकीचे आहे. पण ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की २०१६ साली अमेरिकन सांख्यिकी संघटनेला त्यावर स्वतंत्र निवेदन काढावे लागले. निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य नव्हे. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. त्यामुळे पी-मूल्य ०.०५ हून कमी आले की फरक खरा मानायचा, ही मर्यादा ठेवून, मुळात फरक नसलेल्या वीस ठिकाणी शोध घेतला, तर सरासरी एका ठिकाणी काहीतरी सापडणारच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांवरील एका चाचणीत, हृदयविकाराचा झटका आल्यावर लवकर ॲस्पिरिन दिल्यास मृत्यू कमी होतात, हे स्पष्ट दिसले होते. उपगट पाडून निकाल वाचण्यातला धोका दाखवण्यासाठी तिच्या लेखकांनी रुग्णांची जन्मराशींनुसार विभागणी करून दाखवली (पाश्चात्त्य पद्धतीच्या, सूर्यावरून ठरणाऱ्या राशी), तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो, असे आकडे आले! राशींच्या जागी वय, वजन किंवा रक्तगट असता, तर आपण हसलो नसतो, उलट त्याचे कारणही शोधून काढले असते. म्हणून मुख्य मापन कोणते हे लेखकांनी आधीच जाहीर केले होते का, ते चाचणीच्या पूर्वनोंदणीत (चाचणी सुरू होण्याआधी नोंदवलेल्या आराखड्यात) जाऊन पाहावे, आणि निबंधात ते बदललेले दिसले तर सावध व्हावे.

निबंध नामवंत नियतकालिकात, तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर आला आहे, असे तू आवर्जून लिहिले आहेस. ते परीक्षण उपयुक्त असते. पण परीक्षक सहसा मूळ नोंदी तपासत नाहीत. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ९६,०३२ कोविड रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला निबंध आला आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरील औषधामुळे मृत्यू वाढतात, असे त्यात म्हटले होते. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा त्यातला आकडा तिथल्या नोंदींशी जुळत नाही, हे बाहेरच्या वाचकांच्या लक्षात आले. मूळ विदा (नोंदींची आकडेवारी) स्वतंत्र तपासणीसाठी मिळेना, आणि दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घेतला गेला. यामुळे ते औषध गुणकारी ठरले, असे मात्र नव्हे. रुग्णालयात दाखल झालेल्यांना त्याचा लाभ होत नाही, हे पुढे यादृच्छिक चाचण्यांनी (ज्यांत कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) दाखवले. निबंध कोसळला तरी त्यातील विधान खोटे ठरतेच असे नाही. ते फक्त पुराव्याविना उरते.

एवढे वाचून तू दुसऱ्या टोकाला जाशील, अशी मला थोडी धास्ती आहे. दोष काढायला शिकलेला विद्यार्थी काही महिने प्रत्येक निबंध उडवून लावतो, आणि ‘नमुना लहान आहे’ हे त्याचे आवडते वाक्य असते. ते वाक्य कोणत्याही निबंधाविषयी, न वाचताही म्हणता येते. दोष सापडला की त्याने निकाल कोणत्या दिशेला झुकेल, हे विचार. त्रास झालेले रुग्ण औषधाच्या गटातून निघून गेले असतील, तर औषध आहे त्याहून चांगले दिसेल. याउलट दोन्ही गटांत सारखीच ढोबळ मोजणी झाली असेल, तर खरा फरक सहसा पुसट होतो आणि तरीही तो दिसला असेल, तर तो दोष लेखकांच्या विरोधात जात नाही. आपल्या मताला पोषक असणाऱ्या निबंधांनाही हेच प्रश्न विचारावे लागतात. तिथे माझा हात अजूनही जड होतो.

आता तू टिपण लिहिलेल्या निबंधाविषयी. त्याच्या पहिल्या तक्त्यातील सहभागींची संख्या आणि मुख्य निकालाच्या तक्त्यातील संख्या यांत तफावत आहे. मधले लोक कोणत्या गटातून गळाले, केव्हा गळाले आणि लेखकांनी त्यांचे काय केले, हे पूरक माहितीत शोध आणि पुढच्या टिपणात लिहून पाठव. चर्चेचा भाग तोवर पुन्हा उघडू नकोस.

तुझा,
मार्गदर्शक