काकांच्या नावाचं बिल, आजोबांच्या नावाचं कार्ड आणि सोसायटीची भिंत

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलुंड पूर्वेला आजोबांनी स्वकमाईने घेतलेलं बैठं घर अंगणासकट विकायचं आहे. आजोबा 1981 ला मृत्युपत्र न करता गेले, पण प्रॉपर्टी कार्डावर (शहरी जमिनीचा मालक आणि क्षेत्र दाखवणारा सरकारी उतारा) अजून त्यांचंच नाव आहे आणि पालिकेचं मालमत्ता कराचं बिल काकांच्या नावाने येतं. खरेदीखतात 600 चौरस वार, कार्डावर 488 चौरस मीटर. शेजारच्या सोसायटीने सात-आठ वर्षांपूर्वी भिंत दोन फूट आत घातली, म्हणून क्षेत्र कमी भरतंय असं तुम्ही धरून चालला आहात.

आधी हे शेवटचं डोक्यातून काढा. 600 वार म्हणजे साधारण 502 चौ.मी., म्हणजे तूट 14 च्या आसपास. पण शेजाऱ्याने भिंत सरकवल्याने कार्डावरचा आकडा बदलत नाही. तो आकडा आला नगर भूमापनाच्या, म्हणजे सरकारने शहरातल्या जमिनी मोजल्या त्या वेळच्या मोजणीतून, तेव्हा ही सोसायटीची भिंत नव्हतीच. कार्डावरची तूट आणि सोसायटीची भिंत ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

कार्डावरच्या तुटीसाठी मुलुंडच्या नगर भूमापन कार्यालयातून चौकशी नोंदवहीचा (भूमापनाच्या वेळी धारक आणि क्षेत्र नोंदलेली वही) उतारा आणि त्या वेळच्या नकाशाची नक्कल काढा. कार्डावरचा ‘इतर शेरे’ हा रकाना लोक वाचतच नाहीत, तो आणि खालच्या व्यवहारांच्या नोंदी ओळ न ओळ वाचा. समोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात पट्टी गेली असेल तर पालिकेच्या टी वॉर्डात (मुलुंडचं विभाग कार्यालय) त्याची फाइल शोधा, शिवाय डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या जागेवर काय दाखवलंय त्याचा पालिकेचा दाखला, घ्या. पट्टी रीतसर ताब्यात दिलेली असेल आणि तिचा मोबदला किंवा एफएसआय (बांधकामाचा हक्क) कुणी घेतलेला नसेल, तर ती तूट नसून तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, भाव करताना तो वापरा. रस्त्यात काही गेलं नसेल आणि मूळ मोजणीतच चूक दिसत असेल तर क्षेत्रदुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण 14 मीटरसाठी तो रेटायचा की 488 धरून विकायचं, हे शांतपणे ठरवा. मी 488 धरेन.

आता नावं. खरं घोडं इथे पेंड खातंय. बिल ज्याच्या नावावर त्याने कर भरायचा, एवढाच बिलाचा अर्थ. काकांनी चाळीस वर्षं कर भरला म्हणून ते एकटे मालक होत नाहीत, आणि हे त्यांना तुम्ही नाही, तिऱ्हाईत वकिलाने सांगावं. दुसरं म्हणजे, ‘आत्याचं लग्न 2005 च्या आधी झालं, तिचा काय संबंध’ हा युक्तिवाद घरात कुणी करत असेल तर थांबवा. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित सहदायकी मालमत्तेची, म्हणजे जिच्यात जन्मानेच हक्क मिळतो अशा एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची. आजोबांची मिळकत स्वकष्टार्जित होती, त्यामुळे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 नेच मुलीला मुलाइतका वाटा मिळतो. आत्या गेल्या असल्या तर त्यांची मुलं, आणि यजमान हयात असतील तर तेही, सगळे सहीला लागणार. तुमचे वडील हयात नसतील तर त्यांच्या वाट्यापुरती तुमची आई आणि तुम्ही सगळी भावंडं.

अशा वेळी सगळे हक्कसोडपत्राच्या मागे लागतात. विकायचंच आहे तर मी तो घाट घालणार नाही. सगळ्या वारसांची वारसनोंद कार्डावर चढवून घ्या, सगळेच विक्रेते म्हणून खरेदीखतावर सही करतील आणि प्रत्येकाचा चेक थेट त्याच्या खात्यात. कुणी कुणासाठी हक्क सोडायचा नाही, मग ‘तेव्हा गोड बोलून सही घेतली’ हेही ऐकावं लागत नाही. परदेशातला कुणी वारस येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे लक्षात ठेवा.

खरेदीदाराचा वकील पेपरात जाहीर नोटीस देईलच, बहुधा 14 दिवसांची. आत्याच्या मुलांना घर विकतंय हे त्या नोटिशीतून कळू देऊ नका. आधी फोन करा. अर्ध्या हरकती रागातून येतात.

भिंतीचं. हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज ऑनलाइन होतो. लगतच्या धारकांना कार्यालयाची नोटीस जाते, तरी सोसायटीच्या सेक्रेटरीला तुम्ही स्वतः भेटून तारीख सांगा. भूकरमापक खुणा दाखवेल त्या तिथल्या तिथे लाल रंगाने पक्क्या करा आणि माणसं उभी असतानाच फोटो काढा. चार दिवसांनी पाऊस आला की चुना धुऊन जातो. कुणी सही नाकारली तर तसं पंचनाम्यात लिहून घ्या. मग हातात येते ती क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा. ती सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवा.

भिंत पाडून घेण्याचा हट्ट मी धरणार नाही. साठ फूट लांबीवर दोन फूट म्हणजे 120 चौरस फूट, मुंबईत ही काही सोडून द्यायची जागा नव्हे. पण दावा लावलात तर खरेदीदार दुसऱ्या दिवशी गायब. त्याऐवजी सोसायटीकडून कमिटीच्या ठरावासह पत्र मागा: ही भिंत हद्द नाही, हद्द क-प्रतीप्रमाणे आहे, पट्टीवर आमचा हक्क नाही. प्रतिकूल कब्जाची, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर उघड ताबा ठेवून मालकी सांगण्याची, मुदत 12 वर्षांची आहे, तुमच्या सात-आठ वर्षांत हे लेखी आलं तर पुढचा वाद बराच बोथट होतो. भिंत कधीची याला पुरावा म्हणून गूगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रं तारखेसकट छापून ठेवा. पत्र देत नसतील तर मात्र वकिलाची नोटीस, आणि तीही 12 वर्षं भरायची वाट न बघता, कारण नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही, त्याला दावाच लागतो.

खरेदीदारापासून यातलं काही लपवू नका. मालकीतला दोष विक्रेत्याने सांगायचा असतो, मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 55 प्रमाणे. आणि क-प्रत हातात येऊन वारसनोंद चढेपर्यंत टोकन (सौद्याची आगाऊ रक्कम) घेऊ नका, दलाल कितीही घाई करो. करारात क्षेत्र कार्डाप्रमाणे 488 चौ.मी. लिहा, 600 वार हा आकडा कुठेही येऊ देऊ नका.