ठिबकच्या दुकानाची पाटी

प्रश्न : चोपड्याजवळ आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. पाटी जुनी, पेंटरने रंगवलेली. तांबडी अक्षरं, पिवळी सावली. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने नवी पाटी, बिलबुक, दरपत्रक सगळं ‘पॉपिन्स’ नावाच्या फॉन्टमध्ये करून पाठवलं. म्हणतो, हा न्यूट्रल आहे. माझ्या आईने बघितलं आणि विचारलं, ‘हाई काय शे, दवाखाना का?’ काय करावं?
– एक दुकानदार, चोपडा तालुका

उत्तर : आजींना नमस्कार सांगा, त्यांची नजर पक्की आहे. तरी पाटीपुरतं मुलाचं ऐका.

मी भुसावळला पाट्या रंगवायचो तेव्हा मला वाटे, ‘ठ’ काढायला काय लागतं? खिळा, सुतळी आणि एक फेरी. तसा काढलेला ठ शेजारच्या ‘ब’पुढे बारका दिसायचा. उस्ताद ओरडायचे, ‘गोलाचं बूड सूतभर खाली उतरव!’ उतरवलं की डोळ्याला बरोबर दिसे. कंपासातून निघाल्यासारख्या या भूमितीय अक्षरांचं गुपित एवढंच. जर्मनीत पॉल रेनर यांनी १९२७ साली ‘फ्युचुरा’ हा फॉन्ट आणला, तेव्हा आधीची काटेकोर भौमितिक अक्षरं त्यांनाही डोळ्यासाठी बदलावी लागली. पुढे १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या पाटीवर हाच फॉन्ट गेला. तुमची पाटी त्याच खानदानातली.

पॉपिन्सची देवनागरी निनाद काळे यांची, रोमन (म्हणजे इंग्रजी अक्षरं) जॉनी पिनहॉर्न यांची. रेघ जवळपास एकाच जाडीची, पण जिथे रेघा मिळतात तिथे हलकेच बारीक केलेली, नाहीतर सांध्यात काळा गोळा दिसतो. रोमन कॅपिटल देवनागरी अक्षरांपेक्षा मुद्दाम बुटके ठेवलेत, म्हणून मराठी नावाशेजारी कंपनीचं इंग्रजी नाव डोक्यावर बसत नाही. फॉन्ट फुकट आहे, धंद्यालाही चालतो. मोटारसायकलवरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘ठिबक’ लांबून वाचता येईल. दवाखाना वाटतोय तो पांढऱ्यावर निळ्या रंगामुळे असणार (पैज लावतो, मुलाने तेच रंग घेतलेत). तांबडा-पिवळा परत आणा.

दरपत्रकाला मात्र माझा नकार. या फॉन्टमध्ये रोमन कॅपिटल ‘आय’ आणि स्मॉल ‘एल’ दोन्ही नुसत्या उभ्या काठ्या. फिटिंगच्या कोडमध्ये ते आले की चुकीचा माल सुटलाच. अक्षरं रुंद, त्यामुळे ‘लॅटरल नळी १६ मिमी’ एवढ्यातच रकाना भरतो. मग मुलगा अक्षर बारीक करणार, आणि बिलाच्या कार्बन प्रतीवर घ-ध, भ-म ओळखायला चष्मा पुसत बसणार तुम्ही. तिथे मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ वापरा, तोही फुकट. छापायला टाकण्याआधी एक पान काढून आजींच्या हातात द्या.

आणि जुनी पाटी भंगारात घालू नका. तिच्यावरच्या ‘ठ’चा फोटो मला पाठवा. बूड सूतभर खाली आहे का, बघायचंय.