आधी अक्षर लाव

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर यंत्रतपासणीचे जपानी अहवाल भाषांतरित करून तुला वीट आलाय, नोकरी सोडून जपानवर लिहायचंय. विषयांची यादीही पाठवलीस: सामुराई, झेन, चहाविधी. ती तूर्त बाजूला ठेव.

जपानी साहित्याचा अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कीन, त्याची गोष्ट लोक १९५३ पासून, तो क्योतोला शिकायला गेला तिथून सांगतात. मला त्याआधीची महत्त्वाची वाटते. ब्रुकलिनचा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या भाषाशाळेत ११ महिने जपानी घोटून पर्ल हार्बरला रुजू झाला. काम काय, तर रणांगणावर सापडलेले जपानी कागद वाचायचे. बहुतेक रटाळ. एका पेटीत मात्र मेलेल्या सैनिकांच्या छोट्या डायऱ्या होत्या. त्यांना घाण वास यायचा, काहींवर रक्ताचे डाग होते, आणि अक्षर हाताचं, लागता न लागणारं. इतर जण त्या टाळत. कीन त्याच वाचत बसला.

जपानी सैनिकांना डायरी लिहायला सांगत आणि वरिष्ठ ती तपासत. म्हणून सुरुवातीला पानंच्या पानं देशभक्तीची. पण शेजारचं जहाज बुडालं, हिवतापाने गाठलं, की तो आव संपे. एका डायरीत नववर्षाचं जेवण आहे: सात जणांत तेरा वाटाणे. काहींच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत विनंती असे, युद्ध संपल्यावर ही माझ्या घरी पोचवा. कीनने अशा डायऱ्या लपवून ठेवल्या होत्या. त्या सापडल्या आणि जप्त झाल्या.

पुढे १९८०च्या दशकात त्याने जपानी रोजनिश्यांच्या हजार वर्षांच्या परंपरेवर असाही शिम्बुन या जपानी दैनिकात लेखमाला लिहिली. तिचं मूळ त्या पेटीत आहे. शिकवलेलं कुठे संपतं आणि माणूस कुठे बोलू लागतो, हे त्याला तिथे ऐकू आलं होतं. (तुझ्या एन-वनला, म्हणजे जपानीच्या त्या सर्वांत वरच्या परीक्षेला, हाताचं अक्षर वाचावंच लागत नाही, म्हणून त्या प्रमाणपत्राचं मला फार कौतुक नाही.)

तुझ्या अहवालांच्या समासातही कुणीतरी पेनाने शेरे मारत असेल. कागद कंपनीचे, त्यातलं काही छापायचं नाही. पण चूक कुणाच्या माथी न मारता कशी नोंदवतात, नकार किती वळणं घेऊन येतो, ते तिथे रोज फुकट वाचायला मिळतंय. वर्षभर तरी नोकरी सोडू नकोस. संध्याकाळी कुठल्याही साध्या जपानी माणसाची पत्रं, रोजनिशी मिळव आणि अक्षर लावत बस.

त्यातलं एक पान मराठीत करून पाठव. झेनवरचा लेख पाठवू नकोस, मी वाचणार नाही.