एक्सएसएलटीत एका अॅट्रिब्यूटवरून नोंदी गाळताना बाकीच्याही का जातात?

तुम्ही लिहिलंय की एक्सएसएलटीत, म्हणजे एक्सएमएल फाइलीचं रूपांतर करणाऱ्या भाषेत, स्थिती="कच्ची" असलेल्या नोंदी काढायच्या म्हणून फॉर-ईचमध्ये (एकेक नोंद घेणाऱ्या लूपमध्ये) नोंद[@स्थिती != 'कच्ची'] अशी अट घातली, आणि ज्या नोंदींवर स्थिती लिहिलेलीच नाही त्याही गेल्या. उरलेल्या नोंदींवरचं @आतला-क्रमांक उडवायचंय, गाळायचं मूल्य पॅरामीटरने द्यायचंय. आणि शेवटी विचारलंय, "मग सगळ्या नोंदींवर स्थिती भरूनच टाकू का?"

नका भरू. ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणूनच मी उत्तर लिहायला बसलो.

तुमच्या डेटात काही खोट नाही, घोळ त्या != चा आहे. एक्सपाथमध्ये (एक्सएसएलटीत नोंदी निवडायची भाषा) नोड-सेटची, म्हणजे निवडलेल्या घटकांच्या गटाची, मजकुराशी तुलना होते तेव्हा 'असा निदान एक तरी नोड आहे का' एवढंच बघितलं जातं. अॅट्रिब्यूट नाही म्हणजे सेट रिकामा, आणि रिकाम्या सेटसाठी = सुद्धा खोटं आणि != सुद्धा खोटं. नॉट(@स्थिती = 'कच्ची') लिहा, हव्या त्या नोंदी परत येतील. 1999 च्या एक्सपाथ 1.0 पासून हे असंच आहे, 2.0 आणि 3.0 मध्येही बदललेलं नाही.

पुण्यात एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी मॅन्युअलचं काम बघायचो. सगळं डॉकबुकमध्ये, म्हणजे मॅन्युअल लिहायच्या एक्सएमएलमध्ये. सर्व्हिस इंजिनिअरपुरत्या परिच्छेदांवर सिक्युरिटी="इंटर्नल" असायचं आणि ग्राहकाच्या प्रतीतून ते गाळायचे. गाळायची स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल) आमच्या टीम लीड सरांनी लिहिलेली, त्यात हीच तुमची !=. ग्राहकाच्या प्रतीचं प्रूफ आलं तर त्यात कुणी कधी हौसेने "पब्लिक" लिहून ठेवलेले तुरळक परिच्छेद तेवढे शिल्लक. हीटरचं कव्हर उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, ही सूचनासुद्धा गायब. प्रूफ वाचणाऱ्या बाईंनी ते धरलं म्हणून छपाई थांबली.

मी नॉट() घालून लगेच दाखवलं. पूर्ण मॅन्युअल जसंच्या तसं आलं. सर म्हणाले, "अॅट्रिब्यूट नाही याचा अर्थ लेखकाने विचारच केलेला नाही. प्रत्येक परिच्छेदावर पब्लिक नाहीतर इंटर्नल लिहायचंच." मी म्हटलं, सर, काही लिहिलेलं नाही म्हणजे तो सगळ्यांसाठी आहे, लेखकाने तसंच समजून लिहिलंय. बैठकीत बराच वाद झाला आणि चाललं त्यांचंच. जुन्या मॅन्युअलसकट सगळीकडे हाताने अॅट्रिब्यूट भरून झाले. पुढे काय होणार ते दिसतच होतं. लोक परिच्छेद कॉपी करून त्यातला मजकूर बदलतात, अॅट्रिब्यूटकडे कोण बघतं? फॅक्टरी रीसेटचा कोड असलेला एक परिच्छेद अंगावर "पब्लिक" घेऊन ग्राहकाकडे गेला. आधीच्या पद्धतीत इंटर्नल लिहायला हात थांबायचा, विचार व्हायचा. सक्ती आली आणि तो विचारच संपला.

डॉकबुकच्या स्वतःच्या प्रोफाइलिंग (अॅट्रिब्यूट बघून मजकूर निवडणाऱ्या) स्टाइलशीट्सही अॅट्रिब्यूट नसलेला एलिमेंट सगळ्यांसाठीच धरतात. डिटामध्ये (मॅन्युअलसाठीचं तसंच दुसरं एक्सएमएल) गाळणी लावली तरी तसंच. ज्यांनी आयुष्यभर हेच काम केलं त्यांनी हे ठरवलंय, आणि बरोबर ठरवलंय.

आता तुमचं काम. फॉर-ईच काढून टाका. सगळं जसंच्या तसं उतरवणाऱ्या आयडेंटिटी टेम्प्लेटने सुरुवात करा: मॅच="@*|नोड()", आत कॉपी, त्याच्या आत अप्लाय-टेम्प्लेट्स सिलेक्ट="@*|नोड()". त्यातलं @* गाळू नका. अॅट्रिब्यूट हे एलिमेंटचं अपत्य मानलं जात नाही, त्यामुळे नुसत्या नोड() मध्ये ते येत नाहीत आणि आउटपुटमध्ये सगळे टॅग बोडके दिसतात. मग दोन रिकामी टेम्प्लेट्स: एक नोंद[@स्थिती='कच्ची'] साठी, दुसरं @आतला-क्रमांक साठी. रिकामं टेम्प्लेट म्हणजे ते आउटपुटमध्ये नको. दोन टेम्प्लेट्स लागू पडली तर जास्त प्रायॉरिटीचं चालतं: आयडेंटिटीची उणे 0.5, नुसत्या नावाची 0, चौकटी कंसातल्या अटीची 0.5, त्यामुळे क्रम कसाही ठेवा. या पद्धतीत काय नको तेवढंच सांगायचं असतं, म्हणून != लिहायची वेळच येत नाही. सरांना मी हेच सांगत होतो.

पॅरामीटरचं म्हणाल तर एक्सएसएलटीप्रॉक किंवा पायथनचं एलएक्सएमएल वापरत असाल तर ते एक्सएसएलटी 1.0 आहे, आणि 1.0 मध्ये टेम्प्लेटच्या मॅचमध्ये व्हेरिएबल चालत नाही. तिथे नोंद साठी टेम्प्लेट लिहा आणि आत इफ टेस्ट="नॉट(@स्थिती = $गाळायची)", त्यात तीच कॉपी. सॅक्सन या प्रोसेसरवर 2.0 किंवा पुढचं असेल तर ग्लोबल पॅरामीटर थेट मॅचमध्ये घाला.

स्थितीत स्पेस देऊन दोन-तीन मूल्यं लिहिली असतील तर नुसतं कंटेन्स() वापरू नका, 'अर्धकच्ची' पण जाईल. नॉर्मलाइज-स्पेस() करून दोन्ही बाजूंना स्पेस जोडा आणि ' कच्ची ' शोधा. एकाच नोंदीला अटवाली दोन टेम्प्लेट्स लागू पडत असतील तर प्रायॉरिटी स्वतः लिहा. 1.0 चा प्रोसेसर तिथे एरर देऊ शकतो, नाहीतर फाइलीत शेवटी असलेलं धरतो.

सरांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. चुकून बाहेर गेलं तर खरंच नुकसान होईल असा मजकूर असेल, तर फक्त 'पब्लिक' लिहिलेलंच बाहेर जाऊ द्यावं. पण मग ती सक्ती स्कीमात, म्हणजे फाइलीच्या रचनेच्या नियमांत, करा. अॅट्रिब्यूट राहिलं तर फाइल व्हॅलिडेशनलाच अडकेल आणि लेखकाला तिथल्या तिथे कळेल. स्टाइलशीटमध्ये गुपचूप गाळलं तर ते प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेवर येऊन पडतं.